आपलं आयुष्य किती धरायचं? केडगावच्या रमाबाईंपासून वढूच्या नोंदींपर्यंत



गटाच्या बैठकीत म्हातारपणाच्या पैशाचा विषय काढला की एक वाक्य हमखास येतं. "अगं, साठीच्या पुढं आपण कुठं राहतोय?" सगळ्या हसतात आणि विषय कर्जाच्या हप्त्यांकडं वळतो. आज आम्ही त्या वाक्यालाच धरून बसणार आहोत. माणूस किती जगेल याचा अंदाज पूर्वी कसा बांधत, तो कुठं फसत होता, आणि आज शिरूर-दौंडच्या बाईनं तो कसा बांधावा, ते पाहू. निवृत्ती हा शब्द आपल्याकडं दौंडच्या रेल्वेवाल्यांना, मास्तरांना, पोलिसांना लागतो. कांदा लावणारीला, उसात खुरपणी करणारीला निवृत्तीचं पत्र कुणी देत नाही, तिचे गुडघेच देतात. पण म्हातारपण तिलाही आहे आणि त्याला पैसाही लागतो.

सुरुवात १८५८ च्या एप्रिल महिन्यापासून करू. त्या महिन्याच्या १८ तारखेला कोकणातल्या शेरवली गावी धोंडो केशव कर्वे जन्मले. पाचच दिवसांनी, २३ तारखेला, कर्नाटकातल्या डोंगररानात एका विद्वान शास्त्र्याच्या घरी मुलगी झाली. तीच पुढं पंडिता रमाबाई, आपल्या दौंड तालुक्यातल्या केडगावच्या. एकाच महिन्यात जन्मलेली ही दोन माणसं. दोघांनीही आयुष्य बायकांच्या शिक्षणात घातलं. रमाबाई गेल्या १९२२ साली, कर्वे गेले १९६२ साली. दोघांच्या मरणात चाळीस वर्षांचं अंतर. कोण किती जगेल हे त्या दोन पाळण्यांकडं बघून कुणाला तरी सांगता आलं असतं का?

रमाबाईंचंच आधी बघा. त्यांच्या घरात मरण फार लवकर आलं. १८७४ च्या सुमारास, त्या सोळा वर्षांच्या असताना, उपासमारीत वडील, आई आणि थोरली बहीण थोड्या थोड्या अंतरानं गेली. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा पटकीनं गेला. रमाबाई तेव्हा चोवीस वर्षांच्याही नव्हत्या, आणि मांडीवर वर्षाच्या आतली मनोरमा. एवढी मरणं पाहिलेल्या बाईनं "माझं तरी किती उरलंय" असं म्हटलं असतं तर नवल नव्हतं. प्रत्यक्षात त्या दिवसापासून पुढं चाळीस वर्षं निघाली. चाळीस वर्षांचं वैधव्य, आणि त्यात सगळं काम.

रमाबाईंचं एक काम आम्हांला फार मोलाचं वाटतं, आणि ते फारसं सांगितलं जात नाही. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. पैसा अमेरिकेतल्या बोस्टनच्या एका मंडळाकडून येत होता. त्या मंडळानं मदत कबूल केली होती ती दहा वर्षांपुरती. १८९८ च्या आसपास ती थांबणार हे रमाबाईंना ठाऊक होतं. मुदत संपायची वाट बघत त्या बसल्या नाहीत. आधीच त्यांनी केडगावला, रेल्वेच्या रस्त्यावर, सुमारे शंभर एकर जमीन घेतली. विहिरी खोदल्या, फळझाडं लावली. झाडं धरायला लागली की त्यांच्या उत्पन्नावर सदन चालावं, हा बेत. आज आपण म्हणतो ना, पगार बंद झाल्यावर कशावर जगायचं, तोच प्रश्न एका संस्थेपुरता त्यांनी सोडवायला घेतला होता, आणि तोही झाडं वाढायला किती वर्षं लागतात हे मोजून.

मग दुष्काळ आला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातल्या उपाशी मुली-बायका त्यांनी आणल्या. पुण्यात त्याच वेळी प्लेग होता, कडक बंधनं होती, नव्या मुली शहरात घेता येईनात. त्या केडगावच्या शेतावर राहिल्या आणि तिथंच मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या सुमारास तिथली संख्या दीड हजाराच्या घरात गेली होती. शेती, गुरं, विणकाम, छापखाना, सगळं बायकांच्या हातात. त्या बायकांत कितीतरी अशा, की ज्यांच्या मागं-पुढं कुणी नव्हतं. आणि म्हातारपण तर त्यांनाही येणारच होतं.

आपल्या मागं हे कोण बघणार, याचंही उत्तर रमाबाईंकडं होतं. मनोरमा शिकली होती, आईच्या हाताखाली काम करत होती, सगळं तिच्याकडं जाणार होतं. १९२१ च्या जुलैमध्ये, चाळिशीत, मनोरमा गेली. नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई गेल्या. आई आधी जाईल आणि लेक मागं राहील, हे आपण सगळ्याच धरून चालतो. पुष्कळदा तसंच होतं. पण त्या एकाच गोष्टीवर सगळं टेकवलं तर काय होतं ते केडगावनं पाहिलंय. सदन मात्र थांबलं नाही. कारण ते एका लेकीवर उभं नव्हतं, खाली जमीन होती आणि काम जाणणाऱ्या बायका होत्या.

आता कर्व्यांकडं वळू. त्यांचं आणि रमाबाईंचं एक नातंही आहे. कर्व्यांनी १८९३ साली ज्या बालविधवेशी, गोदूबाईंशी, पुनर्विवाह केला, त्या शारदा सदनात शिकलेल्या. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत आणि १९१४ साली निवृत्त झाले. वय छप्पन्न. त्या काळच्या हिशोबानं माणूस देवाच्या दारात बसायच्या वयाचा. पण निवृत्तीनंतर अठ्ठेचाळीस वर्षं जगले ते. त्यात १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, सत्तरी ओलांडल्यावर देणग्या गोळा करायला जगभर फिरले, आणि १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी संस्था काढली. शंभर वर्षं पुरी झाली त्या साली भारतरत्न मिळालं. गणिताच्या मास्तरांनासुद्धा निवृत्तीच्या दिवशी अठ्ठेचाळीस हा आकडा लिहिता आला नसता.

म्हणजे अंदाज बांधूच नये का? बांधावा. पण कोणता आकडा कशाचा आहे हे कळलं पाहिजे. इथं सगळ्यांचा घोटाळा होतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०१ ते १९११ या दशकात, भारतात सरासरी आयुष्य सुमारे २३ वर्षं होतं. पुढच्या दशकात, १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीमुळं, ते २० च्या आसपास उतरलं. १९५१ च्या सुमाराला ३२. हे ऐकून वाटतं, त्या काळी लोक तेविसाव्या वर्षी मरत होते. मग आपल्या पणज्या म्हाताऱ्या झाल्या त्या कशा? हिशोब करून बघा. एका घरात दहा मुलं झाली. चार वर्षाच्या आसपास गेली. सहा जणं साठ साठ वर्षं जगली. चारांची मिळून चार वर्षं, सहांची मिळून तीनशे साठ. एकूण तीनशे चौसष्ट, भागिले दहा, सरासरी छत्तीस. त्या घरात छत्तिसाव्या वर्षी एकही माणूस मेलं नाही, तरी सरासरी छत्तीस. जुन्या काळची सरासरी खाली ओढली ती पाळण्यातल्या मरणांनी आणि बाळंतपणांनी. त्यातून जो वाचला त्याचं आयुष्य पुष्कळ लांब होतं.

म्हणून जन्माच्या वेळची सरासरी म्हातारपणाच्या हिशोबाला घेऊ नये. आपण आज ज्या वयाच्या आहोत, तिथून पुढं किती, हा प्रश्न विचारायचा.

हा प्रश्न विचारायला माणसं फार उशिरा शिकली. १६९३ साली इंग्लंडात एडमंड हॅलेनं, ज्याच्या नावाचा धूमकेतू आहे त्यानंच, ब्रेस्लाउ नावाच्या शहरातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी घेऊन वयाप्रमाणं तक्ता केला. या वयाचे इतके जण आज असतील तर पुढच्या वर्षी किती उरतील, असा तो तक्ता. त्याचा सगळ्यात सुंदर उपयोग, आमच्या मते, स्कॉटलंडमध्ये झाला. १७४४ साली तिथल्या धर्मगुरूंनी आपल्या विधवांसाठी फंड काढला. दर वर्षी किती धर्मगुरू मरतील, किती विधवा मागं राहतील, त्या किती वर्षं जगतील, याचा आधी हिशोब मांडला आणि त्यावरून वर्गणी ठरवली. वीस वर्षांनी फंडातली शिल्लक हिशोबाला जवळजवळ तंतोतंत जुळली. कोणता धर्मगुरू कधी जाईल हे त्यांना माहीत नव्हतं. हजारभर माणसांत दर वर्षी किती जातील हे मात्र कळत होतं. आपल्या गटाच्या पेटीमागंही थोडीफार हीच अक्कल आहे. एकीची अडचण सांगून येत नाही, पण वीस जणींत वर्षभरात दोघींना तरी नड लागणार हे आपण धरूनच चालतो.

आपल्याकडं हे शास्त्र आलं ते साहेबांच्या सोयीसाठी. शिरूरला घोडनदीकाठी इंग्रजांची छावणी होती. कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या बायकामुलांसाठी असे फंड चालत. छावणीला दाणावैरण पुरवणाऱ्या घरच्या विधवेचा हिशोब कुठल्याच वहीत नव्हता. पुढं विमा कंपन्या आल्या, तर त्या हिंदी माणसाकडून जादा हप्ता मागायच्या. १८७० च्या सुमारास मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिनं आपल्या लोकांचा विमा नेहमीच्या दरानं उतरवायला सुरुवात केली. बायकांना मात्र बाळंतपणाच्या जोखमीचं कारण सांगून पुढंही पुष्कळ वर्षं वेगळं तोललं जाई.

आणि ते तोलणं अगदीच खोटंही नव्हतं. १९५१ ते ६१ या काळात भारतातल्या बाईचं सरासरी आयुष्य पुरुषापेक्षा थोडं कमी होतं, दोघांचंही चाळिशीच्या आसपास. तरुणपणी बाळंतपणात बाया जात. सवाष्ण मरण यावं असं आपल्या आज्या देवाला मागायच्या, आणि पुष्कळींना ते फार लवकर मिळायचं. हे चित्र पालटलं १९८० च्या दशकात. तेव्हापासून बाई पुरुषापेक्षा जास्त जगते. महाराष्ट्रात २०१४-१८ च्या सरकारी तक्त्यात बाईचं सरासरी आयुष्य सुमारे ७४ वर्षं आणि पुरुषाचं सुमारे ७१ वर्षं होतं. आपल्या मनातला हिशोब मात्र अजून आजीच्याच काळचा आहे.

हे बदललं कसं, याचा एक धागा शिरूर तालुक्यातच आहे. वढू बुद्रुक आपल्याला संभाजी महाराजांच्या समाधीमुळं माहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात याच वढूला ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. गावातल्याच माणसांना शिकवायचं, बाळंतपण, लसी, जुलाब-हगवण यांकडं गावातल्या गावात बघायचं, ही पद्धत. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या मरणांनी सरासरी खाली ओढली होती, नेमक्या त्याच मरणांवर हे काम होतं.

२००२ पासून तिथं आणखी एक काम सुरू झालं. शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या बावीस गावांत घरोघर जाऊन ठरावीक काळानं विचारायचं: कोण जन्मलं, कोण वारलं, कोण सून म्हणून आलं, कोण काम शोधत बाहेर गेलं. मरण झालं असेल तर घरच्यांकडं बसून, शेवटच्या दिवसांत काय काय झालं हे सावकाश विचारून, कारण लिहून घ्यायचं. म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीचा जो अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेनं अनेक देशांत केला, त्यातही वढू होतं. १८९७ च्या दुष्काळात वाटेवर मेलेल्या बायकांची नावं कुणी लिहिली नाहीत. आज शिरूरच्या एका म्हातारीचं मरण का आणि कितव्या वर्षी झालं हे नीट लिहिलं जातं. आम्हांला ही लहान गोष्ट वाटत नाही.

पण कितव्या वर्षी, हे कळायला आधी वय माहीत हवं ना! आपल्याकडं वय प्रसंगांवरून सांगायची रीत. पानशेत फुटलं तेव्हा मी चालत होते, बहात्तरच्या दुष्काळात माझं लग्न झालं, थोरला खडी फोडायच्या कामावर झाला. ही रीत हसण्यावारी नेऊ नका, वय काढायला येणारी माणसंही अशाच प्रसंगांचा आधार घेतात. पानशेत १९६१ चं, त्यामुळं दोन-तीन वर्षांच्या फरकानं वय बरोबर निघतं. कागद मात्र वेगळंच बोलतात. शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली १ जून ही तारीख निम्म्या महाराष्ट्राची जन्मतारीख आहे. कुणाच्या आधारवर १ जानेवारी. गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी असतात. सध्या लोक ते जातीच्या दाखल्यासाठी धुंडाळतात. तिथं सासूचं, आईचं वयही सापडू शकतं.

आता आकडा धरू. भारतात साठी गाठलेली व्यक्ती सरासरीनं आणखी सुमारे १८ वर्षं जगते, बाई थोडी जास्त, १९ च्या आसपास. म्हणजे एकोणऐंशी. ही सरासरी आहे, साधारण निम्म्या बाया त्याच्या पुढं जातात. म्हणून एकोणऐंशीपर्यंतचा पैसा बाजूला काढला तर निम्म्या जणींचा पैसा आधी संपेल आणि आयुष्य नंतर. आम्ही म्हणू, नव्वद धरा. मिश्री असेल, रक्तदाब किंवा साखर असून गोळ्या बुडवत असाल, तर अंदाज खाली येतो, पण त्यावर उपाय गोळी घेणं आणि मिश्री सोडणं हा आहे, कमी पैसे साठवणं हा नाही. आई लवकर गेली म्हणून आपणही लवकर जाऊ, असंही धरू नका. रक्ताचा वाटा असतो, पण आपण समजतो तेवढा मोठा नसतो. तुमची आई बाळंतपणात किंवा पटकीनं गेली असेल, तर तुमच्या म्हातारपणाशी त्याचा काही संबंध नाही. रमाबाईंच्या घरचं उदाहरण वर आलंच आहे.

नवऱ्याचं वय याच कागदावर शेजारी लिहा. तुम्ही साठच्या, ते पासष्टचे. पासष्टच्या पुरुषाला सरासरीनं सुमारे १४ वर्षं. म्हणजे तुमची सरासरीनंसुद्धा पाच वर्षं एकटीची आहेत, आणि पुष्कळ घरांत दहा-पंधरा. महिना ३,००० रुपये खर्च धरला तर दहा वर्षांचे ३,६०,००० होतात, महागाई न धरता. ते कुठून येणार? त्या वर्षांत जमीन, घर, बँकेतली ठेव कुणाच्या नावावर असेल? शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, बायकोचं नाव सातबारावर लावा म्हणून सांगितलं, त्याला तीस वर्षांहून अधिक झाली. आपल्या किती जणींची नावं लागली, ते ज्याचं त्यानं बघावं.

सरकारी पेन्शनचा इतिहासही थोडक्यात ऐका. जर्मनीत १८८९ साली म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला, तेव्हा वयाची अट सत्तर होती. तिथवर पोचणारे थोडेच. आपल्या केंद्र सरकारनं १९९५ साली सुरुवात केली, पासष्टच्या पुढच्यांना महिना ७५ रुपये. नंतर वय साठ झालं, केंद्राचा वाटा २०० झाला आणि तो ऐंशी पुरी होईपर्यंत वर्षानुवर्षं तेवढाच राहिला. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत पासष्टनंतर महिना १,५०० मिळतात. आधार म्हणून बरं आहे, त्यावर घर चालत नाही. चाळिशीच्या आतल्यांसाठी २०१५ ची अटल पेन्शन योजना आहे. साठीनंतर महिना १,००० ते ५,००० ठरल्याप्रमाणं, कितीही जगलात तरी, आणि एक गेलं की दुसऱ्याला तीच पेन्शन. कितीही जगलात तरी, हे शब्द महत्त्वाचे, कारण जास्त जगण्याची जोखीम आपल्या एकटीवर राहत नाही. महिना १,००० च्या पेन्शनसाठी अठराव्या वर्षी हप्ता ४२ रुपये पडतो आणि चाळिशीला २९१. सुनांना आणि लेकींना हे सांगा, त्यांच्याकडं वर्षं आहेत.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं कागद आणा. आपलं खरं वय, आधारवरचं वय, नवऱ्याचं वय, आणि नव्वद व्हायला उरलेली वर्षं. खरं वय आणि आधारचं वय जुळत नसेल तर दुरुस्तीला आत्ताच लागा, पासष्टाव्या वर्षी अर्जाच्या रांगेत उभं राहून नाही. ज्या पासष्टच्या पुढं गेल्या आहेत आणि घरचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत आहे, त्यांनी वयाचा पुरावा आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजनेच्या टेबलावर चौकशी करावी, शिरूरच्यांनी शिरूरला, दौंडच्यांनी दौंडला.